काचेवरचा दाणा

“अण्णा, तुमच्या ग्रूपवर कुणी बोलतच नाही,” मी म्हणाले. “चार दिवस बघतेय. रोज साडेदहाला तुम्ही एक फोटो टाकता आणि खाली नुसता शुकशुकाट.”

रंगराव मगदूम लोखंडी स्टुलावर बसून, मोबाईल कानाला लावून काहीतरी ऐकत होते. त्यांचा मोबाईल सदा कानालाच असायचा. म्हाताऱ्याला गप्पांचा भारी नाद आहे, असा माझा समज झाला होता.

“बोलत्यात की,” ते म्हणाले.

“कुठे?”

“माझ्या कानात.”

मी हसले आणि वहीत लिहिलं: ‘सहभाग शून्य, चर्चा शून्य.’ आठ वर्षांपूर्वी मी असं बरंच काही लिहीत असे, ठसठशीत अक्षरात आणि खाली रेघ मारून.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका कंपनीत होते. कामगारांसाठी, कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स तयार करायचे. आमच्याकडे पाच पायऱ्यांचं एक मॉडेल होतं: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. बँकेतला कारकून असो की हॉस्पिटलमधली नर्स, या पाच पायऱ्या चढलेला माणूस शिकलाच पाहिजे, अशी माझी खात्री होती. माझ्या कॉफीच्या मगावरसुद्धा त्या छापलेल्या होत्या. त्या हंगामात मला सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर धाडलं, कारण मगदूम अण्णा मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या डोक्यातलं सगळं कोर्समध्ये उतरवून घ्या, असा संचालकांचा हुकूम होता. साखर पोत्यातून येते, यापलीकडे मला साखरेतलं काही कळत नव्हतं.

मला ते शिकवलं नाझनीन मुलाणीनं. ती कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होती, मिरजेची, पंचवीस वर्षांची, बोलायला मोजकी. पहिल्या दिवशी तिनं मला तिसऱ्या मजल्यावर नेलं. तिथं दोन खोल्या मावतील एवढाली बंद भांडी ओळीनं उभी होती. त्यांना पॅन म्हणतात.

“उसाचा रस आटवून पाक होतो, तो इथं येतो,” ती म्हणाली. “पाक ठरावीक दाट झाला की त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं. मग वरून पाक सोडत राहायचा, त्या बियांवर साखर चढत जाते, दाणा मोठा होतो. सगळे दाणे सारखे वाढले पाहिजेत. मधेच पाक जास्त दाट झाला, तर दोन दाण्यांच्या मधे नवीन धूळ धरते. त्याला खोटा दाणा म्हणतात.”

“मग?”

“वेळेत दिसला, तर थोडं पाणी द्यायचं. धूळ विरघळते, खरा दाणा राहतो. नाही दिसला, तर सगळं पॅन गेलं. खालच्या मशिनमध्ये साखर सुटत नाही, चिकट गोळा होतो. परत वितळवावं लागतं. तोवर पाकाच्या टाक्या भरतात, मिल थांबते, आणि बाहेर उसाचे ट्रॅक्टर उभे राहतात.”

“आणि तो खोटा दाणा दिसतो कसा?”

तिनं पॅनच्या पोटातून एक पितळी दांडी ओढून काढली, तिच्या खाचेतला चिकट थेंब काचेच्या पट्टीवर पसरला आणि पट्टी खिडकीसमोर धरली. मला एक मळकट डाग दिसला. तिला त्यात काय काय दिसत होतं कुणास ठाऊक, पण ती बराच वेळ बघत राहिली.

अण्णांची छत्तीस वर्षं अशीच काच बघण्यात गेली होती. त्यांनी खिडकीपाशी तारेचा एक स्टँड बसवला होता. त्यात काच अडकवायची, समोरच्या खाचेत मोबाईल ठेवायचा आणि बटण दाबायचं. फोटो कधी हलायचा नाही. रोज साडेदहाला हा फोटो ‘काच’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर जायचा. आसपासच्या आठ-नऊ कारखान्यांतले चौदा जण त्यात होते, नाझनीन धरून. ज्यानं त्यानं आपलं मत फक्त अण्णांना, तेही बोलून पाठवायचं, टाईप करायचं नाही, असा तिथला नियम. संध्याकाळी अण्णा ग्रूपवर एक मिनिटभर बोलायचे: आज पाणी दिलं, साखर एकसारखी आली, ज्यांनी ‘चालू ठेव’ म्हणून सांगितलं त्यांनी फोटो परत बघा. कुणाचं नाव घ्यायचे नाहीत.

मला हे सगळं फार मागासलेलं वाटलं. चौदा जाणकार माणसं एका ग्रूपवर, आणि एकालाही दुसऱ्याचं मत ठाऊक नाही! मी ग्रूप सुधारायला घेतला. आमच्या कंपनीचं एक ॲप होतं. त्यात फोटो टाकला की खाली सगळ्यांनी उघड उत्तरं लिहायची, पटलेल्या उत्तराला अंगठा द्यायचा. सर्वांत अनुभवी माणसाच्या नावापुढे सोनेरी तारा लागायचा. तो तारा मी बाबगोंडा पाटलांना दिला. ते चिकोडीकडच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं पॅनवर होते आणि अण्णासुद्धा त्यांना मानत.

“उघड?” अण्णा म्हणाले. “म्हंजे सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं?”

“हो ना. एकमेकांकडूनच तर माणूस शिकतो.”

“मग एकच उत्तर येणार, मॅडम. चौदा वेळा.”

“म्हणजे एकमत!” मी म्हणाले.

अण्णांनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, “आणि बोलून पाठवायची सोय?”

“टाईप करायचं, अण्णा. सोपं आहे, मी शिकवते तुम्हाला.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी खाली उतरले.

इकडे नाझनीनचा वेगळाच घोर चालू होता. अण्णांच्या जागी तिला पॅनवर घ्यावं, म्हणून अण्णांनीच चीफ केमिस्ट ऐनापुरे साहेबांचं डोकं खाल्लं होतं. त्या कारखान्यात पॅनवर कधी बाई नव्हती. ऐनापुरे माणूस वाईट नव्हते, पण भर हंगामात धोका पत्करणारे नव्हते. शेवटी त्यांनी तिला आणि अण्णांना बोलावून सांगितलं, “शुक्रवारी सकाळचं एक नंबरचं पॅन तुमचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. साधलं, तर अण्णांच्या जागेसाठी तुमचं नाव बोर्डापुढं ठेवतो. पडलं, तर परत लॅब. आणि अण्णा, मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

माझं ॲप सुरू करायलाही मी शुक्रवारच निवडला. तिला तेवढीच मदत होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी बी सोडणं छान झालं. दाणा वाढू लागला. साडेदहाला नाझनीननं दांडी ओढली, काच स्टँडला अडकवली, फोटो घेतला आणि ॲपवर टाकला. मी टॅब्लेट घेऊन तिच्या शेजारी उभी. मिनिटभरात सोनेरी तारा चमकला. बाबगोंडा पाटलांनी लिहिलं होतं: ‘दाणा एक नंबर. पाक चालू ठेवा.’ त्याखाली भराभर अंगठे आले. मी मोजले, बारा.

“बघ!” मी म्हणाले. “तेरापैकी तेरा!”

ती टॅब्लेटकडे बघत नव्हती, काचेकडे बघत होती. “हं,” म्हणाली आणि तिनं पाकाचा व्हॉल्व्ह चालू ठेवला.

दहा मिनिटांनी तिनं परत थेंब काढला. काच दोनदा उजेडाकडे फिरवून पाहिली.

“ताई, मधे काहीतरी आहे. धूळ असावी. की मला भास होतोय?”

“पाटलांना अडतीस वर्षांचा अनुभव आहे गं,” मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

ती काच घेऊन अण्णांकडे गेली. अण्णा नेहमीच्या स्टुलावर होते. पॅन तिचं असल्यामुळं सकाळपासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. “अण्णा, तुम्ही बघा.”

अण्णांनी काच हातात घेतली, उजेडाकडे वळले, खूप वेळ धरून राहिले. मग विचारलं, “तुला काय दिसतंय?”

“ॲपवर सगळे म्हणतात—”

“ॲपला न्हाई विचारलं. तुला.”

वा, मी मनात म्हणाले, उत्तर न सांगता विद्यार्थ्याकडून काढून घेणं! वहीत टिपूनसुद्धा घेतलं.

“अण्णा, आता शिकवत बसू नका,” नाझनीन म्हणाली. “पाणी दिलं आणि धूळ नसली, तर खरा दाणा विरघळेल. नाही दिलं आणि धूळ असली, तर पॅन जाईल. काहीही झालं तरी मी लॅबमध्ये. तुम्हाला दिसतंय ना? नुसतं हो नाही सांगा.”

“पोरी,” अण्णा म्हणाले, “मला दिसत न्हाई.”

“उजेड कमी आहे का? तिकडच्या खिडकीशी—”

“उजेडाचं न्हाई. डोळ्यांचं. मागचा पडदा खराब झालाय. डॉक्टरनं तीन वर्षांमागं सांगितलं, आता परत यायचं न्हाई म्हणून. तू समोर हाईस एवढं कळतंय. काचेवरचं कायबी कळत न्हाई.”

पंपांचा घोंगाट चालूच होता, पण मला काही क्षण तो ऐकू आला नाही.

“मग तीन वर्षं पॅन कसं चालवलंत?” मी विचारलं.

“विचारून.” त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “साडेदहाला फोटो टाकायचा. चौदा जण कानात सांगायचे. एकमेकांचं ऐकायचं न्हाई, ही अट मीच घातली. एक मोठा माणूस बोलला की बाकीचे माना डोलवत्यात. मला चौदा जणांचे डोळे पायजे होते, मॅडम. एकाचे डोळे आणि तेरा माना घेऊन मी काय करू?”

“आणि दिवसाच्या बाकीच्या पॅनना?”

“अंगठ्यानं चोळून बघायचं. आणि ही. कायतरी निमित्त काढून हिला लॅबमधनं वर बोलवायचो आणि विचारायचो.” मग ते तिच्याकडे वळले. “तुला वाटायचं, अण्णा परीक्षा घेतोय. मी परीक्षा घेत न्हवतो गं. मला खरंच माहीत नसायचं. पहिल्या वर्षी तू चुकायचीस. दुसऱ्या वर्षापास्नं चुकायची थांबलीस. त्यानंतर तेरा जण एक म्हणाले आणि तू एकटी दुसरंच म्हणालीस, असं सतरा वेळा झालं. मी सतराही वेळा तुझं ऐकलं, आणि सतराही वेळा साखर तुझ्या बाजूनं आली.”

माझ्या कोर्समध्ये साठ प्रश्न होते आणि साठांचीही उत्तरं मला आधीच माहीत होती. या माणसानं तीन वर्षं एकही प्रश्न उगीच विचारला नव्हता. विचारलं ते गरजेपोटी, ऐकलं ते जिवाचा कान करून. आणि त्या ऐकण्यातून समोरची ही मुलगी घडली होती, तिच्याही नकळत. एखाद्या देवळात चुकून चपला घालून शिरल्यावर व्हावं तसं मला झालं. टॅब्लेट मी हळूच पाठीमागे घेतला.

“परत विचारतो,” अण्णा म्हणाले. “आज माझ्याकडं दुसरं कुणी न्हाई. काय दिसतंय?”

तिनं काच घेतली. खिडकीकडे गेली. पुसली नाही, हलवली नाही, नुसती बघत राहिली.

“धूळ आहे,” ती म्हणाली. “खालच्या बाजूला जास्त. दाण्याच्या कडा अजून धारदार आहेत.”

“मग?”

“पाणी देते.”

पाकाचा व्हॉल्व्ह तिनं बंद केला आणि पाण्याचा उघडला. घड्याळात दहा पन्नास झाले होते. त्यानंतरची वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. दर दोन-तीन मिनिटांनी ती थेंब काढायची, बघायची, काच ओळीनं खिडकीच्या कट्ट्यावर मांडायची. पाचव्या काचेला तिनं मला जवळ ओढलं. “ताई, इथून बघा. पहिली काच बघा, मग ही.”

आणि मला दिसलं. पहिल्या काचेवर दाण्यांच्या मधली जागा गढूळ होती, पिठूळ. पाचवीवर ती जागा निवळली होती, आणि त्या निवळलेल्या पाकात दाणे सुटे सुटे उभे होते, चौकोनी, कडा असलेले, सगळे एका मापाचे. इतके दिवस मी ज्याला मळकट डाग समजत होते, त्यात हे होतं. रोज चहात दोन चमचे टाकणारी मी, साखर पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली.

हातातल्या टॅब्लेटवर तेवढ्यात तारा चमकला. बाबगोंडा पाटलांनी लिहिलं होतं: ‘भाचीच्या लग्नात मांडवात होतो. उन्हात स्क्रीन दिसत नव्हता. आता सावलीत येऊन बघितलं. धूळ आहे. पाणी द्या, लगेच द्या.’ त्याखाली पुन्हा बारा अंगठे आले. मी टॅब्लेट बंद करून पिशवीत टाकला.

दुपारी एकला पॅन खाली सोडलं. मग वाट बघणं. अर्ध्या-पाऊण तासानं ऐनापुरे साहेब जिना चढून स्वतः वर आले, हातात ॲल्युमिनियमचा ट्रे. त्यात साखर होती, पांढरी, मोकळी, अजून गरम. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि नोंदवही उघडून ओळीवरून बोट फिरवलं.

“दहा पन्नासला पाणी,” ते म्हणाले. “पाच मिनिटं उशीर झाला असता, तर हातचं गेलं असतं. मी वीस वर्षं हेच बघतोय, असं नेमकं कुणाला साधत नाही.” ते हसले. “अण्णा, तुम्हीच सांगितलंत ना? खरं सांगा. आतल्या आत ठेवू आपण.”

अण्णांनी मान हलवली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. हार, नारळ, भाषणं, सगळं सुखरूप झालं असतं.

“हो सर,” नाझनीन घाईनं म्हणाली. “अण्णांनीच सांगितलं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती स्वतःची जागा स्वतःच्या हातानं परत करत होती, आणि तिला ते पक्कं माहीत होतं.

“खोटं बोलू नको,” अण्णा म्हणाले. स्टुलावरून उठले, टेबलाची कड चाचपत साहेबांच्या समोर उभे राहिले. “साहेब, मी सांगू शकत न्हाई. मला काच दिसत न्हाई. तीन हंगाम झाले.”

ऐनापुरेंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. “तीन हंगाम?”

“व्हय.”

“आणि पॅन कोण चालवत होतं?”

“हात माझे. बघत हे सगळे होते, ग्रूपवरचे. आणि ही सगळ्यांत जास्त. आजचं पाणी हिनं दिलं. तेरा जण नको म्हणत असताना दिलं. मी नुसता विचारणारा. काय शिक्षा असंल ती मला द्या, लपवलं मी हाय. पण हे पॅन हिचं हाय. ते माझ्या नावावर घालू नका.”

साहेब रागावले असावेत, घाबरलेही असावेत. तीन हंगामांत काय काय होऊ शकलं असतं याचा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता. त्यांनी ट्रेमधली चिमूटभर साखर उचलली, बोटांत चोळली, परत सोडली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, “दोन नंबरला पाक आला ओ!”

ऐनापुरेंनी अण्णांकडे पाहिलं, मग नाझनीनकडे.

“मुलाणी,” ते म्हणाले, “दोन नंबर घ्या.” आणि मग, जरा हळू, “अण्णा, तुमचं काय करायचं ते उद्या बघू. आत्ता तुम्ही तिच्याजवळ थांबा.”

तिनं डोळे पुसले नाहीत. हात चिकट होते. दोन नंबरच्या पॅनवर गेली, काट्यांवर नजर टाकली, ठरल्या वेळी बी सोडलं. आम्ही सगळे तिच्यामागून गेलो, साहेबसुद्धा. अण्णा तिच्या शेजारी उभे राहिले. इतकी वर्षं जे मोबाईल कानाला लावून चोरून ऐकलं, ते त्यांनी आता सगळ्यांसमोर मोठ्यानं मागितलं.

“सांग,” ते म्हणाले.

तिनं दांडी ओढली, थेंब पसरला, काच खिडकीसमोर धरली.

“अजून काही नाही. नुसता पाक. स्वच्छ.”

आम्ही थांबलो. तिनं दुसरी काच घेतली.

“काही नाही.”

तिसरी. ती काच तिनं आणखी उजेडाकडे सरकवली.

“थांबा,” ती म्हणाली. “आला. आला, अण्णा.”

“किती?”

“मोजता येत नाहीत. बारीक आहेत, पण सगळीकडे आहेत. सगळे एकदम आलेत, सगळे सारखे.”

“बरोबर,” अण्णा म्हणाले. मग थांबले आणि स्वतःशीच मान हलवली. “बरोबर हाय का न्हाई ते आता तू ठरव. मी ऐकतोय.”